ऊन स्लॅबच्या वरच अडवा

प्रश्न : आम्ही औसा तालुक्यात राहतो. जुनं माळवदाचं (मातीच्या छताचं) घर पाडून त्याच जागेवर ९०० चौरस फुटांचं एकमजली घर बांधायला काढलं आहे. कॉलम उभे झालेत, भिंती अर्ध्यावर आल्यात आणि छताचं काही ठरत नाही. गुत्तेदार म्हणतो, सहा इंची स्लॅब टाकू, त्यावर पाच इंच विटांच्या तुकड्यांचा कोबा करू आणि घर गार राहायला उंची दहाऐवजी साडेअकरा फूट घेऊ. भाऊ पुण्यात कंपनीत आहे. तो म्हणतो, स्लॅबच्या भानगडीत पडूच नका, पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले तयार तुकडे) टाका. मामंजींना माळवदाचा गारवा विसरता येत नाही. स्लॅब टाकायचा तर टाका, पण त्यावर फूटभर पांढरी माती तरी पसरा, असा त्यांचा हट्ट आहे. पैसा ताणूनच आणलेला आहे आणि उन्हाळ्यातलं वीजबिल आत्ताच झेपत नाही. दहा-बारा वर्षांनी वर दोन खोल्या काढायचाही विचार आहे. कमी खर्चात घर गार ठेवणारं छत कोणतं?
— एक वाचक भगिनी, जि. लातूर

उत्तर : ताई, भिंती अर्ध्यावर असतानाच विचारलंत हे फार चांगलं केलंत. स्लॅब पडल्यावर हाच प्रश्न आला असता तर निम्मे पर्याय हातातून गेले असते.

आधी थेट उत्तर देते. पाच इंची साधा आरसीसी स्लॅब टाका, उंची दहा फूटच ठेवा. पाच इंचांचा कोबा नको आणि मातीही नको. स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर दीड इंच जाडीचे एक्सपीएस बोर्ड (थर्माकोलसारखाच, पण घट्ट आणि कडक फोम), त्यावर पातळ काँक्रीटचा थर आणि सगळ्यात वर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे, असं छत करा. यंदा पैसे कमी पडले तर बोर्डाचं काम पुढच्या वर्षावर ढकला आणि तोवर स्लॅबला नुसता चुना मारा. पण स्लॅब जाड करण्यात आणि भिंती उंच करण्यात पैसा घालू नका.

लातूर साधारण १८.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो, उभ्या काठीची सावलीसुद्धा बुडाशीच विरते. त्या वेळी भिंतींवर ऊन तिरकं पडतं आणि छतावर सरळ. निरभ्र दुपारी आडव्या छताच्या दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट इतकं ऊन उतरतं. तुमचं ९०० चौरस फुटांचं छत म्हणजे सुमारे ८४ चौरस मीटर. म्हणजे भर दुपारी ८० किलोवॅटहून जास्त उष्णता वरून येते. दोन-दोन हजार वॅटचे चाळीस गीझर एकाच वेळी चालू असावेत, इतकी. राखाडी सिमेंटचं छत यातली दोन-तृतीयांशाहून जास्त उष्णता पिऊन घेतं. एकमजली घरात उन्हाळ्याची लढाई छतावरच असते, हे यातून लक्षात येईल.

आता स्लॅब या उष्णतेचं काय करतो ते पाहा. काँक्रीट उष्णता अडवत नाही, फक्त थोडी उशिरा आत पोचवतं. दुपारभर तापलेला स्लॅब संध्याकाळनंतर ती उष्णता खाली सोडू लागतो. म्हणून रात्री दहाला अंगणात वाऱ्याची झुळूक असते आणि घरात मात्र पंखा छताजवळची गरम हवाच खाली ढकलत असतो. कूलर पहाटेपर्यंत चालतो. तुमच्या वीजबिलाचं मूळ इथे आहे. स्लॅब पाचाचा सहा इंच केला तर उष्णता थोडी आणखी उशिरा येईल, पण येईलच.

गुत्तेदाराच्या सल्ल्याचा हिशोब मी मांडून पाहिला. एक इंच जादा स्लॅब म्हणजे तुमच्या छतावर ७५ घनफूट जादा काँक्रीट : १५ ते १७ पोती सिमेंट आणि पाच टनांहून जास्त वजन. पाच इंच कोबा म्हणजे आणखी सुमारे २० टन. एवढं ओझं कॉलमवर चढवून मिळतं काय? छतातून किती उष्णता आत येते ते मोजायचं एक माप आहे. बाहेर आणि आत एक अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून किती वॅट आत येतात, ते त्यात मोजतात. नुसता पाच इंची स्लॅब : सुमारे ३.४. गुत्तेदाराचा सहा इंची स्लॅब आणि वर पाच इंच कोबा : दोनच्या थोडं वर. पाच इंची स्लॅबवर दीड इंच एक्सपीएस : ०.६ च्या आसपास. ऊर्जा दक्षता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली, तिच्यात छतासाठी ही मर्यादा १.२ आहे. संहिता मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी आहे, तुमच्यावर सक्ती नाही. पण चांगलं छत कशाला म्हणायचं याचं ते भरवशाचं माप आहे, आणि गुत्तेदाराचं जड छत त्यात बसत नाही.

कारण सोपं आहे. उष्णता अडवते ती कोंडलेली हवा. एक्सपीएस किंवा थर्माकोलमध्ये बारीक बारीक पोकळ्यांत हवा बंद असते. एक इंच थर्माकोल जितकी उष्णता अडवतो, तितकी अडवायला चाळीस इंचांहून जास्त काँक्रीट लागेल. आणि वजन? तुमच्या सगळ्या छतावर दीड इंची बोर्ड अंथरले तरी ते दीडशे किलोच्या आतच भरतात. त्यावरचा दोन इंची काँक्रीटचा थर दहा टनांच्या आसपास होईल, तो धरावाच लागेल. तरीही कोब्याच्या साधारण निम्म्या ओझ्यात काम होतं.

मामंजींच्या मातीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण त्यांचा अनुभव खोटा नाही. माळवद खरोखर गार असे. लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर हात-दीड हात पांढरी माती. दिवसभराचं ऊन त्या जाडीत मुरेपर्यंत रात्र होई, आणि रात्री घरची माणसं माळवदावरच झोपायला जात, त्यामुळे आत उतरणाऱ्या उष्णतेचा त्रास कोणाला होत नसे. घर आणि राहणी एकमेकांना धरून होती. पण दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला मातीचा नवा थर चढे, जुना कोणी काढत नसे. पिढ्यान्‌पिढ्या छत जड होत गेलं आणि खाली मातीत रचलेल्या दगडी भिंती. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली तेव्हा याच जोडीने माणसं गाडली. गणपती विसर्जनाची रात्र, गावं थकून झोपलेली. भिंतींचे दगड सुटले आणि टनांनी माती अंगावर आली. तुमचं गाव त्याच पट्ट्यातलं आहे. १९९३ पूर्वी हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. २००२ मध्ये नकाशा बदलला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या झोनमध्ये घेतला गेला.

तुमच्या छतावर फूटभर माती म्हणजे कोरडी असतानाच ४० टनांहून जास्त, पावसात भिजली की आणखी. भूकंपात घराला बसणारा हिसका त्याच्या वजनाच्या प्रमाणात असतो. छत जितकं जड, तितका कॉलमच्या माथ्यावर ताण मोठा. तुमचे कॉलम ही माती धरून काढलेले नाहीत, आता ते बदलताही येणार नाहीत. मामंजींना हे आकडे शांतपणे सांगा, ते नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं. त्या पहाटेनंतरचे दिवस त्यांच्या पिढीने पाहिले आहेत. आणि त्यांना हवा असलेला गारवा दीड इंची बोर्डाने, मातीच्या मानाने फार कमी वजनात मिळतो आहे, हेही सांगा.

उंचीबद्दल थोडक्यात. दीड फूट वाढवलं तर आतल्या-बाहेरच्या मिळून तीनेकशे चौरस फूट भिंत जादा बांधावी लागेल, तिला प्लास्टर आणि रंगही आला. स्लॅब मात्र तितकाच तापणार आणि खाली तितकीच उष्णता सोडणार. त्याऐवजी प्रत्येक खोलीत छताखाली समोरासमोर दोन झरोके ठेवा, गरम हवेला वाट मिळेल. वाचलेल्या पैशात बोर्डाचा बराच खर्च निघेल.

भावाचा सल्ला वाईट नाही. उष्णता अडवण्यात पफ पॅनेल उत्तम, वजनाला हलकं, काम चार दिवसांत. पण त्याला लोखंडी सांगाडा लागतो, गच्ची मिळत नाही, वर खोल्या काढता येत नाहीत. तुमच्याकडे तूर, मिरच्या, कुरडया वाळवायला गच्ची लागते, पाण्याची टाकी वर ठेवायची असते. शिवाय एप्रिल-मेच्या वादळात हलकं छत उचललं जाऊ नये म्हणून पक्के बोल्ट आणि चांगला फिटर लागतो. शेतातल्या खोलीला, दुकानाला किंवा वरच्या मजल्याला पुढे पफ जरूर वापरा. तुमच्या या घराला स्लॅबच योग्य.

पत्र्याचा विचार तुम्ही केलेला नाही, पण इतर वाचकांसाठी लिहिते. बजेट अगदीच कमी असेल आणि पत्रेच टाकायचे असतील तर चकचकीत साधा पत्रा नको, पांढऱ्या रंगाचा कोटिंग केलेला घ्या. चकचकीत पत्रा ऊन परतवतो खरा, पण जेवढी उष्णता घेतो तेवढी सोडायला फार वेळ लावतो आणि हात भाजेल इतका तापतो. पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून फॉल्स सीलिंग करा आणि त्या पोकळीला दोन्ही टोकांना हवा येण्या-जाण्याची वाट ठेवा. ॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे टाळा. कापताना, भोकं पाडताना आणि जुने होऊन झिजताना त्यांतून निघणारे तंतू फुप्फुसात जाऊन कर्करोग करतात.

आता काम कसं करायचं ते. पुढचा भाग गुत्तेदाराला वाचून दाखवा.

इंजिनिअरकडून स्लॅबचं डिझाइन लेखी घ्या. खोल्या बारा फुटांच्या आत असतील आणि बीम नीट असतील तर पाच इंच सहसा पुरतात, पण जाडी आणि गज इंजिनिअरच्या कागदावर असले पाहिजेत, गुत्तेदाराच्या अंदाजावर नाही. सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता साचा) लावतानाच स्लॅबला ढाळ द्या, शंभर फुटाला एक फूट या हिशोबाने. पंचवीस फुटांच्या घराला तीन इंच. हा ढाळ स्लॅबलाच असला की तो करण्यासाठी वर कोबा चढवावा लागत नाही. हे एकच काम गुत्तेदाराने मान्य केलं तरी अर्धी लढाई जिंकलीत.

स्लॅब पुरता वाळला की त्यावर सिमेंटमध्ये मिसळायच्या पॉलिमरचं वॉटरप्रूफिंग, दोन हात. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेला वाटा, म्हणजे कोपऱ्यात सिमेंटची गोलाई, मारून वॉटरप्रूफिंग भिंतीवर फूटभर चढवा. मग गच्चीवर ४८ तास पाणी कोंडून ठेवा आणि खालून ओल येते का पाहा. ही चाचणी झाल्याशिवाय पुढचा पैसा देऊ नका, कारण वर बोर्ड बसल्यावर गळती शोधणं फार जड जातं.

त्यावर बोर्ड. नुसता पॅकिंगचा थर्माकोल नको, तो माणसाच्या वजनाने दबतो आणि पाणी पितो. एक्सपीएस बोर्ड घ्या, दोन बोर्डांच्या कडा एकमेकांत बसणारे. फट राहिली तर तिथून ऊन आत उतरतं. वर गरम डांबर किंवा थिनर असलेला रंग अजिबात नको, बोर्ड वितळतात. त्यावर चिकन मेश (बारीक तारेची जाळी) घालून दोन इंच काँक्रीट, दर आठ-दहा फुटांवर सांधा सोडून, नाहीतर उन्हात प्रसरण पावून तडे जातील. बोर्ड स्लॅबच्या खालून, फॉल्स सीलिंगमध्ये बसवू अशीही कोणी सूचना करेल. ते नको. खालून लावलं तर स्लॅब तसाच तापत राहतो, रोज फुगतो-आकसतो आणि काही वर्षांत भेगा पडून गळतो. उन्हात निघालेला माणूस उपरणं डोक्यावर घेतो, सदऱ्याच्या आत नाही, तसंच हे आहे. शिवाय घरात उघडा थर्माकोल आगीच्या दृष्टीने धोक्याचा.

सगळ्यात वर पांढरा रंग. यात सर्वात कमी पैसा लागतो आणि फरक सर्वात लवकर दिसतो. नवा पांढरा पृष्ठभाग ऊन ७० टक्क्यांहून जास्त परतवतो, सिमेंटचा राखाडी जेमतेम ३० टक्के. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये ‘कूल रूफ’ धोरणच जाहीर केलं आणि अशी ऊन परतवणारी छतं करायला सुरुवात केली. नांदेडच्या पलीकडे हे चाललं आहे आणि आपल्याकडे अजून गच्चीला लाल टाइल्स लागतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ऊन तेच, जमीनही तीच.

पांढरं करण्याचे दोन मार्ग. पहिला चुना : भिजवलेला कळीचा चुना, त्यात चिकटपणासाठी डिंक किंवा फेव्हिकॉल, दोन-तीन हात. मजुरीसकट अगदी थोडक्यात होतो, पण पावसात जातो, म्हणून दरवर्षी फाल्गुनात, पाडव्याच्या आधी मारावा लागतो. दुसरा पांढऱ्या ग्लेझ्ड टाइल्सचे तुकडे. लातूरच्या टाइल्सच्या दुकानांत फुटलेला माल असतो, तो स्वस्तात मागा. एकदा बसवले की वर्षानुवर्षं टिकतात. दोन्हीला एकच शत्रू, धूळ. आपली काळी माती आणि साखर कारखान्याची काजळी साचली की पांढरं छत महिन्याभरात राखाडी होतं. गळीत हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये एकदा खराट्याने घासून धुऊन काढा, मग मे सुखाचा जातो.

वर खोल्या काढायचं म्हणालात. पाच वर्षांच्या आत काढणार असाल तर बोर्ड बसवू नका. फक्त चुना मारा आणि उन्हाळ्यात गच्चीवर सात फुटांवर हिरवी शेडनेट बांधा. नेट आणि स्लॅबमधून वारा खेळला की तिचा चांगला उपयोग होतो. पण दहा-बारा वर्षांनीच काढणार असाल तर इतके उन्हाळे सोसू नका, बोर्ड आत्ताच बसवा. कॉलमचे गज वर उघडे ठेवले तर गंजतात आणि गळतीही तिथूनच सुरू होते. त्यांच्यावर कमकुवत काँक्रीटचे ठोकळे करून झाका. पुढे फोडून काढता येतात.

ढाळ एका कोपऱ्याकडे काढलात तर तिथून पाइप उतरवून पावसाचं पाणी टाकीत किंवा बोअरच्या पुनर्भरण खड्ड्यात घ्या. ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी वर्षाला सुमारे ४७ हजार लिटर पाणी हाती येतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेल्या लातूरकरांना याची किंमत वेगळी सांगायला नको. चुना मारलेला असेल तर पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा.

स्लॅब कधी टाकायचा हेही पैशाशी जोडलेलं आहे. एप्रिल-मेमध्ये टाकाल तर काँक्रीट भरभर सुकतं, तडे जातात आणि पाणी मारायला टँकर विकत घ्यावा लागतो. दिवाळीनंतर टाका, बोअरला पाणी असतं आणि ऊनही सौम्य. आपल्याकडे दुकानात मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) असतं, त्याला पाणी जास्त दिवस लागतं. मातीचे वाफे करून किमान दहा दिवस, शक्यतो चौदा दिवस, स्लॅबवर पाणी साचतं ठेवा. चौथ्या दिवशी वाफे मोडू द्यायचे नाहीत.

सोलरचा विचार असेल तर तो स्लॅब टाकायच्या आधीच करा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. त्याला सुमारे ३०० चौरस फूट जागा लागते, म्हणजे तुमच्या गच्चीचा एक-तृतीयांश भाग पॅनेलच्या सावलीत जाईल, ते चांगलंच. पण नंतर भोकं पाडून स्टँड बसवले तर वॉटरप्रूफिंग आणि बोर्ड दोन्ही फुटतात. स्टँडच्या पायांसाठी काँक्रीटचे छोटे ओटे स्लॅबबरोबरच टाकून घ्या, आणि ते कुठे यावेत हे सोलरवाल्याला सेंट्रिंग लावायच्या आधी गच्चीच्या नकाशावर खुणा करून विचारा.